मुलाला भेटू देत नाहीत? कोर्टात भेटीचा अर्ज कसा करायचा

नवरा-बायको वेगळे राहतात, पोरगं एकाकडं आणि दुसऱ्याला फोनवर पण बोलू देत नाहीत, असं आमच्या सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर भागात बरंच बघितलंय. बाप गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात तिकडं केरळ-तमिळनाडूला, वर्षातनं दोनदा गावी येतो आणि दारातनंच परत जातो. पोर लहान असेल तर चेहरा विसरतं हो, म्हणून उशीर करू नका.

अर्ज आई, बाप दोघांपैकी कुणीही करू शकतं, आजी-आजोबांना पण करता येतो. घटस्फोटाची केस आधीच चालू असेल तर नवीन केस नको, हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम २६ खाली त्याच केसमध्ये अंतरिम (केस चालू असतानाचा) अर्ज द्यायचा. केस नसेल तर पालक व पाल्य कायदा १८९० खाली, आणि हा सगळ्या धर्मांना चालतो. फॅमिली कोर्टाच्या हद्दीत असाल तर तिथं, नाहीतर जिल्हा न्यायालयात, म्हणजे सांगलीत विजयनगरला. इथं लोक हमखास चुकतात, तुम्ही कुठं राहता ते कोर्ट बघत नाही, मूल नेहमी कुठं राहतं ते बघतं. पोरगं आईबरोबर साताऱ्यात असेल तर अर्ज साताऱ्यातच.

कागदपत्रं: मुलाचा जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड (राहण्याचा पुरावा म्हणून फार कामाचं), लग्नाचा दाखला किंवा पत्रिका-फोटो, आधार, आधीचा काही आदेश असेल तर त्याची नक्कल, भेट नाकारल्याचे मेसेज. सोबत प्रतिज्ञापत्र, वकीलपत्र आणि कोर्ट फी स्टॅम्प.

आता सगळ्यात महत्त्वाचं, अर्जात नुसतं 'भेट मिळावी' लिहू नका. कुठला वार, किती ते किती, कुठं भेटणार, कोण आणून सोडणार, दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत किती दिवस, सगळं स्पष्ट मागा. लांब असाल तर व्हिडिओ कॉल मागा, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये यशिता साहू प्रकरणात सांगितलंय की ताबा नसलेल्या पालकाला मुलाशी रोज ५ ते १० मिनिटं बोलता यायला पाहिजे.

मग समोरच्याला नोटीस, त्यांचं म्हणणं येतं, बऱ्याचदा मध्यस्थीला पाठवतात, आणि मूल जाणतं असेल तर जजसाहेब त्याच्याशी एकट्याशी बोलतात. तेव्हा पोराला पढवून नेऊ नका, कृपा करा. घरात मारहाण झाली असेल तर तेही स्पष्ट सांगा, भेटीनं मुलाला धोका असेल तर कोर्ट नाकारू शकतं किंवा कुणाच्या तरी देखरेखीखाली भेट ठेवतं.

पोटगी आणि भेट एकमेकांत अडकवू नका. भेट देत नाहीत म्हणून पोटगी थांबवली की तुमचीच बाजू पडते.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कोर्टाच्या आवारातच असतं. बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत, पुरुषांना उत्पन्नाची अट आहे, पण अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ती नाही. फोन १५१००. आदेश होऊनही मूल आणलं नाही तर दारात जाऊन भांडू नका, तारीख-वेळ लिहून ठेवा आणि त्याच कोर्टात परत अर्ज द्या.