प्लास्टिक तापवण्याआधीच ब्रेस घालून बघायचा

तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचा एक खांदा वर दिसतो, युनिफॉर्मचा कुर्ता एका बाजूला लोंबतो, खाली वाकली की पाठीची एक बाजू उंचावते. स्कोलिओसिस बऱ्याचदा असाच घरच्यांच्या नजरेला पडतो. कण्याला बाजूला बाक येतो आणि मणके थोडे पिळतातही. एक्स-रेवर मोजलेला बाकाचा कोन, म्हणजे 'कॉब अँगल', १० अंशांवर गेला की हे निदान होतं. किशोरवयातल्या शंभरात दोन-तीन मुलांत तो आढळतो, आणि कारण बहुधा सापडत नाही. (दप्तराच्या ओझ्याने तो होत नाही. आयांनी स्वतःला बोल लावू नये.)

खरा धोका वाढीच्या वयाचा. मणक्याच्या ज्या बाजूवर दाब जास्त, तिथली वाढ मंदावते. बाकाच्या आतल्या बाजूवर दाब जास्त पडतो, म्हणून मणका पाचरीसारखा होत जातो. त्याने बाक वाढतो आणि दाब आणखी चढतो. धडाभोवती घालायचा प्लास्टिकचा कडक ब्रेस हे चक्र अडवायला बघतो. अमेरिका-कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासाचे निकाल २०१३ मध्ये आले. बाक ५० अंशांपर्यंत, म्हणजे शस्त्रक्रियेच्या उंबरठ्यापर्यंत न जाता वाढ पूर्ण झालेली मुलं ब्रेसच्या गटात ७२ टक्के होती, नुसतं लक्ष ठेवलेल्या गटात ४८ टक्के.

पण ब्रेस बेतायचा कसा? जुनी रीत म्हणजे अंगावर ओलं प्लास्टर गुंडाळून साचा काढायचा, मग कारागिराच्या अनुभवावर कुठे दाबायचं ते ठरवायचं. नीट बसला नाही तर पुन्हा कापाकापी, आणि बसला की नाही हे कळायला पुन्हा एक्स-रे. शिंप्याकडची ट्रायलच, फक्त कापड उसवता येतं तसं प्लास्टिक उसवता येत नाही.

कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये कार्ल-एरिक ऑबँ या अभियंत्याच्या गटाने ही ट्रायल कॉम्प्युटरवर नेली. समोरून आणि बाजूने एकाच वेळी घेतलेल्या दोन एक्स-रेंवरून मुलीचा कणा, फासळ्या, कंबरेचं हाड त्रिमितीत उभं करायचं, आणि स्कॅनरने टिपलेली त्वचा त्यावर चढवायची. हे शरीर हजारो लहान तुकड्यांत विभागलं जातं. हाड किती कडक, मणक्यांमधली चकती किती लवचिक हे प्रत्येक तुकड्याला सांगितलेलं असतं. मग पडद्यावर ब्रेस घालायचा, पट्टे आवळायचे, आणि कणा किती सरळ होतो, कातडीवर कुठे किती दाब येतो ते बघायचं.

यातला मला आवडणारा बारकावा गुरुत्वाकर्षणाचा. एक्स-रेतला कणा शरीराच्या वजनाखाली आधीच दबलेला असतो. म्हणून आधी उलटा हिशेब करून वजन उतरवलेला कणा शोधतात, मग वजन आणि ब्रेस दोन्ही त्यावर लादतात. एरवी तेच वजन दोनदा मोजलं जाईल.

कुठे दाबायचं याइतकंच कुठे मोकळं सोडायचं हेही कळतं. दाबलेल्या बाजूसमोर पोकळी नसेल तर कणा सरकणार कुठे? जिथे प्लास्टिक अंगाला नुसतंच टेकतं, काम काहीच करत नाही, तो भाग कापून टाकता येतो. या गटाच्या चाचणीत असे ब्रेस नेहमीच्यांपेक्षा निम्म्या जाडीचे झाले आणि अंगाचा सुमारे २० टक्के कमी भाग झाकूनही बाकाला पुरून उरले.

हे गणित मुख्यतः ब्रेस घातल्याक्षणीचं आहे. टोचणाऱ्या दाबापासून अंग चोरणारे स्नायू, पुढच्या दोन वर्षांची वाढ, हे पकडणं फार अवघड. आणि तासांचं काय? २०१३च्या अभ्यासात ब्रेसच्या आत तापमान नोंदणारे सेन्सर होते, म्हणजे खरोखर किती वेळ घातला हे लपत नव्हतं. दिवसाला सरासरी तेरा तासांच्या वर घालणाऱ्यांत यश ९० टक्क्यांपलीकडे गेलं. म्हणून मॉन्ट्रियलच्या आकड्यांत माझी नजर जाडीवरच अडते. नागपूरच्या मे महिन्यात शाळेच्या कुर्त्याखाली तेरा तास काय घालवेल, ते तिथेच ठरतं.