पूर्वी एका कपात तरतरी यायची, आता का येत नाही?

आमच्याकडून कॉफी पावडर नेणारे बरेच जण काउंटरवर विचारतात, पूर्वीसारखी किक बसत नाही, पावडर बदलली का? पावडर तीच आहे हो, बदल तुमच्या मेंदूत झालेला असतो, म्हणून पाकिटासोबत हा कागद देतोय.

आपल्या पेशी दिवसभर एटीपी, म्हणजे त्यांचं ऊर्जा देणारं इंधन, वापरतात, त्यातून ॲडेनोसिन तयार होतं, आणि जागं राहू तसं ते मेंदूत साठत जातं. पेशींच्या आवरणात त्याचे रिसेप्टर असतात, म्हणजे आवरणातून सात वेळा आरपार गेलेलं एक लांब प्रोटीन आणि त्याच्या मधल्या खाचेत ॲडेनोसिन बसलं की रिसेप्टर चालू होतो. प्रकार चार: ए१, ए२ए, ए२बी, ए३. पहिला आणि शेवटचा पेशीतलं सायक्लिक एएमपी (पेशीच्या आत निरोप पोचवणारा रेणू) कमी करतात, मधले दोन वाढवतात. ॲडेनोसिन साठलं की झोप येते, त्यात मुख्य हात ए१ आणि ए२एचा. ए१ हृदयातही असतो, तिथे तो ठोके मंद करतो, म्हणूनच काही प्रकारची अचानक सुरू झालेली धडधड थांबवायला डॉक्टर शिरेतून ॲडेनोसिनच देतात, त्याचा परिणाम काही सेकंदच टिकतो.

कॉफीतलं कॅफिन दिसायला ॲडेनोसिनसारखं, त्यामुळे त्याच खाचेत जाऊन बसतं पण रिसेप्टर चालू करत नाही, एसटीत सीटवर रुमाल टाकल्यासारखं, ॲडेनोसिन आपलं उभंच. थकवा गेलेला नसतो, फक्त जाणवत नाही.

रोज भरपूर कॅफिन मिळालं की शरीर जुळवून घेतं, प्राण्यांवरच्या प्रयोगांत तर ए१ रिसेप्टर वाढलेले दिसलेत. मग तेवढ्याच कपाने भागत नाही, आणि रविवारी उशिरा उठलात, कप चुकला, की मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोकं ठणकायला लागतं. कॉफी सोडल्यावर असं साधारण १२ ते २४ तासांत सुरू होतं. म्हणून एकदम बंद करू नका, आणि कृपा करून आणखी स्ट्राँग पावडरही मागू नका, आम्ही विकणारे असलो तरी हेच सांगू. कॉफीच्या बियांचे दोन मुख्य प्रकार, रोबस्टा आणि अरेबिका; रोबस्टात अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफिन असतं, आणि पावडरीत मिसळतात त्या चिकोरीत (एका झाडाचं भाजलेलं मूळ) अजिबात नसतं, तेव्हा अरेबिका आणि चिकोरी जास्त असलेलं मिश्रण मागा, दर आठवड्याला थोडं थोडं कमी करत जा, चहा पिता तोही मोजा.

कॅफिन निम्मं व्हायला सरासरी ५ तास लागतात, म्हणजे संध्याकाळी ६ च्या कपातलं निम्मं रात्री ११ ला अंगातच असतं. गरोदरपणात तर याहून बराच जास्त वेळ लागतो, त्यामुळे तेव्हा दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफिनच्या वर जाऊ नका. आणि हृदयाची ॲडेनोसिन देऊन करायची स्ट्रेस टेस्ट ठरली असेल तर कॉफी, चहा, कोला, चॉकलेट किती तास आधी बंद करायचं ते डॉक्टरांना नक्की विचारा, नाहीतर कॅफिनमुळे टेस्टचा रिझल्ट चुकू शकतो.