नुव्वे कावाली

नुव्वे कावाली (अर्थ : ‘तूच हवीस’) हा १३ ऑक्टोबर २००० रोजी, दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत प्रदर्शित झालेला तेलुगू प्रणयपट. दिग्दर्शन के. विजय भास्कर यांचे, संवाद त्रिविक्रम श्रीनिवास यांचे आणि संगीत कोटी यांचे. रामोजी राव यांच्या उषाकिरण मूव्हीजने स्रवंती रवि किशोर यांच्या साथीने त्याची निर्मिती केली. तरुण, रिचा पल्लोड आणि साईकिरण यांच्या प्रमुख भूमिका आहेत. २००० सालासाठीच्या ४८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट तेलुगू चित्रपट ठरला.

कथा एका ओळीत सांगता येईल इतकी साधी आहे. तरुण (नटाचे आणि पात्राचे नाव एकच) आणि मधू एकाच दिवशी, एकाच रुग्णालयात जन्मलेले. घरे शेजारी, दोन्ही कुटुंबांचा जिव्हाळा जुना, शाळा एक, पुढे कॉलेजही एकच. भांडणे, खोड्या, एकमेकांवाचून न करमणे हे सगळे इतके अंगवळणी पडलेले की त्याला काही नाव द्यावे असे दोघांनाही कधी वाटलेले नाही. मधू कॉलेजतर्फे परगावच्या सांस्कृतिक स्पर्धेला जाते. तिथे प्रकाश नावाचा देखणा, श्रीमंत घरचा गायक तिच्या प्रेमात पडतो. ती परत येऊन ही बातमी मोठ्या उत्साहाने पहिल्यांदा सांगते ती अर्थातच तरुणला, आणि आपल्याला नेमके काय वाटते ते त्याला त्या क्षणी कळते. मधूला स्वतःचे मन उमगते ते त्याहून उशिरा, प्रकाशशी लग्न ठरल्यावर. दोघांचेही गुपित एकमेकांना कळते, पण दोन्ही घरांचा आपल्यावरचा विश्वास मोडायला दोघे तयार नाहीत. लग्न तोंडावर आले असताना ही गोष्ट थोरांपर्यंत पोहोचते आणि मार्ग निघतो.

त्या काळच्या तेलुगू पडद्यावर नजर टाकली तर या गोष्टीचे वेगळेपण लक्षात येते. १९९९च्या संक्रांतीला आलेल्या ‘समरसिंहा रेड्डी’पासून रायलसीमेतील (आंध्रचा दक्षिण भाग) घराण्यांची वैरे, गावठी बाँब आणि हवेत उडणाऱ्या सुमो गाड्या यांची लाट जोरात होती. प्रेमकथा आल्या तरी त्यांत अडसर म्हणून मुलीचा बाप, जात, पैसा किंवा गुंड हमखास असे. ‘नुव्वे कावाली’त यांपैकी कोणीच नाही. प्रकाश सज्जन आहे, आईवडील प्रेमळ आहेत आणि कोणी कोणावर हात उगारण्याची वेळ येत नाही. अडसर आहे तो मैत्रीचाच. बोलून दाखवले आणि समोरच्याच्या मनात तसे काही नसले, तर वीस वर्षांचे नाते एका वाक्यात संपेल, ही भीती संपूर्ण उत्तरार्ध पेलून धरते. तरुण जिथे गप्प राहतो ते प्रसंग चित्रपटात सर्वांत चांगले जमले आहेत.

या सोज्वळपणाची किंमतही आहे. दोन्ही कुटुंबे सारख्याच आर्थिक थरातील, एकमेकांशी आधीच घरोब्याची. त्यामुळे आंध्रातल्या खऱ्या प्रेमविवाहांना जो विरोध सोसावा लागतो, त्याची सावलीही इथे पडत नाही. शिवाय ज्या प्रकाशचे लग्न मोडायचे, त्याच्या वाट्याला आलेल्या दुःखाकडे पटकथा घाईने पाठ फिरवते. मैत्रीच्या जबाबदारीबद्दल इतके हळवे असलेल्या चित्रपटात ही उणीव खटकते.

मूळ कथा तेलुगू नाही. कमल यांच्या ‘निरम’ (१९९९) या मलयाळम चित्रपटावरून ती घेतली आहे. त्यात कुंचाको बोबन आणि शालिनी ही जोडी होती. स्वतः कमल यांनीच शालिनीला घेऊन तो तमिळमध्ये पुन्हा केला. तिथे नायक प्रशांत होता आणि चित्रपटाचे नाव ‘पिरियाद वरम वेण्डुम’ (२००१). कन्नडमध्ये ‘निनगागी’ (२००२) आला. एकाच कथेचे दक्षिणेतल्या चारही मोठ्या भाषांत चित्रपट व्हावेत हे तिथे नवलाचे नाही. पण तेलुगू आवृत्ती अनुवाद वाटत नाही आणि त्याचे श्रेय मुख्यतः संवादलेखकाचे आहे.

त्रिविक्रम मूळचे पश्चिम गोदावरी जिल्ह्यातील भीमवरमचे. विजय भास्कर यांच्याच ‘स्वयंवरम’ (१९९९) चित्रपटाचे संवाद लिहून ते पुढे आले होते. ‘नुव्वे कावाली’ने त्यांचे नाव घरोघरी नेले. छोटी वाक्ये, प्रास साधणारी उत्तरे, साध्या घरगुती बोलण्यातून अचानक निघणारा विनोद, आणि तोच विनोद दुखऱ्या जागेवर झाकण म्हणून वापरण्याची हातोटी, हे सगळे इथे दिसते. पात्रे आंध्रातल्या मध्यमवर्गीय घरांत बोलतात तशी बोलतात, भाषण ठोकत नाहीत. भीमवरमहूनच आलेला त्यांचा मित्र, विनोदी नट सुनील, याचाही जम याच सुमाराला बसला. दिग्दर्शक, लेखक आणि रवि किशोर हे त्रिकूट लगेच ‘नुव्वु नाकु नच्चाव’ (२००१) साठी पुन्हा एकत्र आले, पण या वेळी नायक व्यंकटेशसारखा मोठा तारा होता. दिग्दर्शक म्हणून त्रिविक्रम यांचा पहिला चित्रपट ‘नुव्वे नुव्वे’ (२००२). त्याचे निर्माते रवि किशोर आणि नायक तरुणच.

कलाकार जवळजवळ सगळे नवे होते. तरुण मात्र प्रेक्षकांना लहानपणापासून ठाऊक होता. मणिरत्नम यांच्या ‘अंजली’त (१९९०) त्याने बालकलाकार म्हणून काम केले होते, आणि त्याची आई रोजारमणी म्हणजे ‘भक्त प्रह्लाद’मधला (१९६७) छोटा प्रह्लाद. गायकाची भूमिका करणारा साईकिरण हा पार्श्वगायक व्ही. रामकृष्ण यांचा मुलगा. नव्या चेहऱ्यांवर पैसा लावण्याचा हा जुगार उषाकिरणने त्याच वर्षी तेजा दिग्दर्शित ‘चित्रम’मध्येही खेळला होता आणि त्यातून उदय किरण पुढे आला. या दोन यशांनंतर कॉलेजच्या पार्श्वभूमीवरील प्रेमकथांचे तेलुगूत काही वर्षे पेवच फुटले.

कोटी हे ज्येष्ठ संगीतकार सालूरि राजेश्वर राव यांचे पुत्र. राज-कोटी ही जोडगोळी फुटल्यानंतर स्वतंत्रपणे काम करताना त्यांना मिळालेल्या मोठ्या यशांत या चित्रपटाची गाणी मोडतात. ‘अनगनगा आकाशम् उंदि’ हे गाणे लहान मुलाला गोष्ट सांगावी तसे सुरू होते. ते आणि ‘एक्कड उन्ना पक्कन नुव्वे’ ही दोन गाणी तेलुगू घरांत अजून ऐकू येतात.

महाराष्ट्राशी या कथेचा संबंध हिंदी आवृत्तीमुळे आला. रामोजी राव यांनी विजय भास्कर यांच्याच हाती दिग्दर्शन देऊन ‘तुझे मेरी कसम’ काढला. ३ जानेवारी २००३ रोजी तो प्रदर्शित झाला. ऋषी आणि अंजू या भूमिकांतून रितेश देशमुख आणि जेनेलिया डिसूझा यांनी पडद्यावर पदार्पण केले. रितेशचे वडील विलासराव देशमुख त्या वेळी राज्याचे मुख्यमंत्री होते, आणि प्रदर्शनानंतर पंधरवड्याच्या आतच ते पद त्यांच्याकडून गेले. आराखडा तोच असूनही हिंदीत संवादांची ती खुमारी उतरली नाही. चित्रपट लक्षात राहिला तो मुख्यतः या जोडीमुळे. दोघांनी २०१२ मध्ये लग्न केले. जेनेलिया पुढे ‘बोम्मरिल्लू’सारख्या (२००६) चित्रपटांमुळे तेलुगूतही लोकप्रिय झाली. रितेशने दिग्दर्शित केलेला, दोघांच्या भूमिका असलेला ‘वेड’ हा मराठी चित्रपट ३० डिसेंबर २०२२ रोजी आला. तोही एका तेलुगू चित्रपटावर, म्हणजे ‘मजिली’वर (२०१९) बेतलेला आहे.