ग्रूमिंगविरोधी पोलिस निधी (इंग्लंड व वेल्स)

आधी ओळख, मग भेटवस्तू, दारू किंवा प्रेमाचे नाटक, आणि शेवटी लैंगिक शोषण: अल्पवयीन मुलांना असे जाळ्यात ओढण्याला ग्रूमिंग म्हणतात. ते रोखण्यासाठी आणि जुन्या प्रकरणांच्या तपासासाठी ब्रिटिश सरकार पोलिसांना देत असलेला पैसा हा या नोंदीचा विषय आहे.

इंग्लंड व वेल्समध्ये ४३ प्रादेशिक पोलिस दले आहेत. त्यांचा खर्च मुख्यतः गृह खात्याचे अनुदान आणि कौन्सिल टॅक्स या स्थानिक घरकरातला पोलिसांचा हिस्सा यांतून भागतो. त्यातले किती मनुष्यबळ बालशोषणाच्या तपासाला द्यायचे, हे बव्हंशी त्या त्या दलाचा प्रमुख ठरवतो. घरफोड्या आणि चाकूहल्ले समोर दिसतात; ज्या मुलीने अजून तक्रारच केलेली नाही, ती कोणत्याच आकडेवारीत नसते.

म्हणून मोठी रक्कम बहुधा गौप्यस्फोटानंतरच सुटते. ऑगस्ट २०१४ मध्ये समाजकार्य-तज्ज्ञ अ‍ॅलेक्सिस जे यांच्या चौकशी अहवालाने उत्तर इंग्लंडमधल्या रॉदरहॅममध्ये १९९७ ते २०१३ या काळात सुमारे १४०० मुलांचे शोषण झाल्याचे मांडले, आणि हा अंदाजही हात राखूनच केलेला होता. त्यानंतर गंभीर गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या ‘नॅशनल क्राइम एजन्सी’ या राष्ट्रीय यंत्रणेने तिथल्या जुन्या प्रकरणांचा तपास ‘ऑपरेशन स्टोव्हवुड’ या नावाने हाती घेतला. त्याच्या खर्चाचा मोठा वाटा गृह खात्याच्या ‘स्पेशल ग्रँट’मधून आला. अनपेक्षित घटनेचा खर्च दलाच्या वार्षिक अर्थसंकल्पाच्या १ टक्क्यापलीकडे गेला, की या अनुदानासाठी अर्ज करता येतो. मंजुरीची हमी मात्र नसते.

असे तपास महाग का पडतात? शाळकरी वयात जिचे कुणी ऐकले नाही, ती आता तिशीत असते; तिच्या नव्या घरी जुने काही ठाऊक नसते, आणि पोलिसांवर तिचा विश्वास उरलेला नसतो. जबाब नोंदवण्याआधी अनेक भेटी होतात. समाजसेवा विभागाच्या जुन्या फायली चाळाव्या लागतात. एकाच तक्रारीत अनेक संशयित निघतात. तपास वर्षानुवर्षे चालतो आणि पैसा मात्र वर्षाच्या हिशेबाने येतो, ही या व्यवस्थेची खरी अडचण आहे.

एप्रिल २०२३ मध्ये ऋषी सुनक सरकारने ग्रूमिंग टोळ्यांविरुद्ध टास्कफोर्स नेमला. पहिल्या वर्षात त्याच्या मदतीने ५५० हून अधिक संशयितांना अटक झाली. जानेवारी २०२५ मध्ये मजूर सरकारने १ कोटी पौंडांची योजना जाहीर केली, पण त्यातले ५० लाख स्थानिक पातळीवरच्या चौकशांसाठी होते. चौकशीचा पैसा आणि पोलिस तपासाचा पैसा यांची बातम्यांमध्ये सर्रास सरमिसळ होते. जून २०२५ मध्ये सरकारने नेमलेल्या बॅरोनेस लुईझ केसी यांचा या टोळ्यांवरचा अहवाल आला. दोनतृतीयांश आरोपींच्या वांशिकतेची नोंदच नसल्याचे त्यात दिसले. पाठोपाठ राष्ट्रीय चौकशी आणि बंद केलेल्या प्रकरणांचा फेरतपास जाहीर झाला. सप्टेंबरमध्ये संशयितांच्या फोनमधला अवाढव्य मजकूर चाळणारी आणि परभाषेतल्या संदेशांचे भाषांतर करणारी संगणकीय साधने सर्व ४३ दलांपर्यंत पोचवण्यासाठी ४ लाख २६ हजार पौंड देण्यात आले.