चौथ्या ओळीतले तास

अमेरिकेत लांब पल्ल्याचा ट्रक चालवणाऱ्या माणसाचा अख्खा दिवस चार ओळींत मावतो. लॉगच्या पानावर आडवे चोवीस तास आखलेले असतात आणि एकाखाली एक चार ओळी असतात: सुट्टी, केबिनमागच्या बर्थवर, ड्रायव्हिंग, आणि शेवटची ‘ड्यूटीवर, पण ड्रायव्हिंग नाही’. काम बदललं की रेघ एका ओळीतून दुसरीत उडी मारते. रात्री पानावर पायऱ्यापायऱ्यांची नक्षी उरते आणि तीच त्या दिवसाची अधिकृत नोंद.

हा लेख चौथ्या ओळीबद्दल आहे. निघण्याआधी टायर, ब्रेक, दिवे तपासणं, डिझेल भरणं, कागदपत्रं करणं, गोदामाच्या फाटकाबाहेर रांगेत उभं राहणं, माल चढत-उतरत असताना थांबणं, हे सगळं तिथं जातं. लांब पल्ल्याच्या बहुतेक ड्रायव्हरांना मोबदला मिळतो तो मैलाप्रमाणे. म्हणजे पैसा तिसऱ्या ओळीत आहे आणि चौथी ओळ बऱ्याचदा फुकटची. थांबावं लागल्याचे पैसे काही कंपन्या देतात, पण त्यातही पहिले दोन तास मोफत धरायचा रिवाज आहे. ते कोणी मोफत दिले, हे कोणी विचारत नाही.

आता नियम. दहा तास सलग विश्रांती घेऊन कामावर आलेला ड्रायव्हर जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवू शकतो, आणि तीही कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत. हे १४ तासांचं घड्याळ जेवायला थांबलात म्हणून थांबत नाही. ८ तास चालवून झाले की किमान अर्धा तास स्टिअरिंगपासून दूर राहायचं. शिवाय आठवड्याचा हिशेब वेगळा: सातही दिवस गाड्या चालवणाऱ्या कंपनीत ८ दिवसांत ७० तास ड्यूटी झाली की त्यापुढे गाडी चालवता येत नाही. सलग ३४ तास सुट्टी घेतली की ही गणती पुन्हा शून्यावर येते.

आकडे बारकाईने पाहिले तर त्यामागचं गृहीतक दिसतं. दमणूक म्हणजे पाण्याच्या टाकीसारखी गोष्ट, काम करताना भरते आणि सुट्टीत रिकामी होते. शरीर मात्र इतकं सरळ वागत नाही.

झोपेचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ आजही ज्या चौकटीत विचार करतात ती अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली मांडली. झोप दोन गोष्टी मिळून ठरवतात. एक म्हणजे झोपेचा दाब. जाग आल्या क्षणापासून तो चढायला लागतो आणि उतरतो तो फक्त झोपेने. मेंदूत साठत जाणारं ॲडेनोसिन हे रसायन या दाबातला महत्त्वाचा भाग आहे. कॉफी त्याला हटवत नाही, नुसती त्याच्या जागा अडवून बसते. कॉफीचा अंमल ओसरला की दाब होता तिथंच असतो, किंबहुना जरा वरच. दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचं स्वतःचं घड्याळ. ते मेंदूच्या तळाशी हजारो चेतापेशींच्या एका इवल्याशा पुंजक्यात चालतं. आपण किती वेळ जागे आहोत याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. पहाटे दोन ते सहाच्या दरम्यान ते माणसाला खाली ओढतं, दुपारी पुन्हा थोडं ओढतं, आणि सकाळी नऊ-दहाला तर उलट जागं ठेवतं.

आता ॲडेनोसिनच्या बाजूने लॉगकडे पाहा. पहिली, तिसरी आणि चौथी ओळ त्याच्या दृष्टीने एकच. ड्रायव्हर चालवतोय, ट्रेलरमध्ये माल मोजतोय की खुर्चीत बसून गोदामाच्या दाराकडे टक लावून बघतोय, दाब चढतच राहतो. दुसऱ्या ओळीतही तो नुसतं आडवं होऊन उतरत नाही, डोळा लागावा लागतो.

आणि डोळा किती लागतो? १९९७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मेरिल मिटलर आणि सहकाऱ्यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या ८० लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरांचा अभ्यास छापला. ‘किती झोपलात’ असं त्यांनी नुसतं विचारलं नाही, डोक्याला इलेक्ट्रोड लावून झोप मोजली. सरासरी निघाली दिवसाला ४.७८ तास, म्हणजे पावणेपाच तासांच्या जरा वर. त्या काळी अमेरिकी कायद्याने दोन पाळ्यांमध्ये आठ तास सुट्टी दिली होती. पण आठ तासांच्या सुट्टीत आंघोळ, जेवण, घरी फोन, पार्किंग शोधणं, उठून आवरणं हे सगळं येतं. उरलं ते झोपेला.

त्याच वर्षी ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एक साधी तुलना केली. सलग जागं ठेवलेल्या माणसांचं हात आणि नजर यांच्या मेळाचं कौशल्य त्यांनी मोजलं, आणि तीच चाचणी दारू दिल्यावरही घेतली. १७ तास जागरण झालेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरली. अनेक देशांत याच पातळीला गाडी चालवणं गुन्हा ठरतं. २४ तासांना ती ०.१० टक्क्यांच्या बरोबरीला गेली. हा १७चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

थोडा इतिहास, कारण त्यात एक गंमत आहे. अमेरिकेत ट्रकचालकांच्या तासांचे केंद्रीय नियम १९३० च्या दशकाच्या शेवटी आले. १९६२ नंतर नियमाचा अर्थ असा झाला की १० तास चालवा, ८ तास सुट्टी घ्या, पुन्हा १० तास चालवा. म्हणजे कायद्याचा ‘दिवस’ १८ तासांचा. माणसाचं आतलं घड्याळ बाहेरच्या उजेडाशिवाय ठेवलं तरी सरासरी २४ तास ११ मिनिटांच्या आसपासच फिरतं. १८ तासांच्या दिवसाने चाललेला ड्रायव्हर आज सकाळी सहाला निघाला तर पुढचा दिवस आज रात्री बाराला सुरू करणार आणि त्यापुढचा उद्या संध्याकाळी सहाला. विमानात न बसता विमानप्रवाशासारखी गत! २००४ पासून सुट्टी दहा तासांची झाली आणि ड्रायव्हिंग अकरा तासांचं. बेरीज २१. सुधारणा आहेच, पण चोवीस अजून झालेले नाहीत.

आता गोदामाच्या दाराशी जाऊ. समजा, ड्रायव्हर साडेतीनला उठला. चारला गाडी तपासायला घेतली, तिथून ड्यूटी सुरू. दीड तास चालवून सहाला तो गोदामावर पोचला, कारण माल घ्यायची वेळ सहाची दिली होती. खिडकीतून कागद आत सरकवले. उत्तर आलं, दार मोकळं झालं की बोलावू. सहाचे सात वाजले, आठ वाजले. नऊला नंबर लागला. ट्रेलर मागे घेऊन दाराला टेकवला, फोर्कलिफ्ट आत-बाहेर करू लागली, आणि दर खेपेला अख्खी गाडी हलत होती. दहाला शिक्का मारलेले कागद हातात.

सहा ते नऊ हे तीन तास लॉगमध्ये कुठे मांडायचे? कायदा सांगतो, जबाबदारीतून खरोखर मोकळं केलेलं असेल तरच सुट्टी. पण गाडी पुढे घ्या असा निरोप कधी येईल याचा नेम नसतो, आणि तो चुकला तर रांगेत शेवटी. तरीही ड्रायव्हर पुष्कळदा हे तास पहिल्या किंवा दुसऱ्या ओळीत टाकतो. त्याला खोटारडा म्हणणं सोपं आहे. त्याच्या जागी बसून हिशेब केला तर ही निवड अगदी व्यवहारी निघते. हे तास चौथ्या ओळीत टाकले तर पैसे शून्य, वर आठवड्याच्या ७० तासांतले तीन तास खर्च. सुट्टीत टाकले तरी पैसे शून्यच, पण ते तीन तास नंतर मैल कापायला शिल्लक राहतात. फुकटचं काम लपवायला त्याला दुसऱ्या कुणी भाग पाडावं लागत नाही, मोबदल्याची रचनाच ते करून घेते.

२०२० च्या दुरुस्तीने यात आणखी एक पदर घातला. दहा तासांची विश्रांती दोन तुकड्यांत घेता येते: एक किमान सात तासांचा, तो बर्थवरच, आणि दुसरा किमान दोन तासांचा, दोन्ही मिळून दहा. या दोन तुकड्यांचा वेळ १४ तासांच्या घड्याळात धरत नाहीत. हेतू चांगला होता. दमलेल्या माणसाला घड्याळाच्या भीतीने गाडी रेटावी लागू नये, वाटेत डुलकी काढता यावी. पण आपल्या ड्रायव्हरने ते तीन तास बर्थवर मांडले आणि रात्री सात तास बर्थवर काढले, तर त्याचं १४ तासांचं घड्याळ संध्याकाळी सहाऐवजी नऊला संपतं. साडेतीनला उठलेला माणूस रात्री नऊला भरल्या ट्रकसह हमरस्त्यावर, सगळं नियमात बसवून. जागरण साडेसतरा तास.

तो सकाळी बर्थवर झोपला असता तर? झोपला असता तर प्रश्नच नव्हता, अर्ध्या तासाच्या झोपेनेही फरक पडतो. पण साडेतीन तासांपूर्वीच उठलेल्या माणसाला सकाळी सातला झोप लागणं अवघड. दाब अजून चढलेला नसतो, घड्याळ वर खेचत असतं, आणि कान फोनकडे लागलेले. रात्रीच्या गोदामावर नेमकं उलटं होतं. पहाटे तीनला गाढ झोप लागलेली असते आणि दारावर थाप पडते: माल चढला, जागा मोकळी करा. गाढ झोपेतून उठल्यावर पंधरा मिनिटं ते अर्धा तास मेंदू पुरता ताळ्यावर येत नाही. नेमक्या त्याच वेळात अवजड गाडी अंगणातून बाहेर काढायची असते.

शिवाय झोपेची उधारी चढत जाते आणि ती ज्याच्यावर चढते त्यालाच दिसत नाही. २००३ मध्ये हान्स व्हान डोंगेन, डेव्हिड डिंजेस आणि सहकाऱ्यांनी लोकांना दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिलं. शेवटी त्यांची एकाग्रता एक-दोन रात्री मुळीच न झोपलेल्या माणसाइतकी घसरली. त्यांना मात्र आपण फारसे पेंगुळलेले नाही असंच वाटत होतं. ‘मला माझी झोप कळते’ असं सांगणारा ड्रायव्हर खोटं बोलत नसतो, त्याचं मोजमापच बिघडलेलं असतं. ताशी ९० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. चार सेकंदांची झापड म्हणजे शंभर मीटर, चालकाविना.

कागदी लॉगच्या काळात तर वाटेल ते चालायचं. दोन-दोन वह्या ठेवल्या जात, आणि ड्रायव्हर स्वतःच त्यांना थट्टेने कॉमिक बुक म्हणत. १८ डिसेंबर २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक लॉगची सक्ती लागू झाली. हे यंत्र इंजिनाला जोडलेलं असतं. ताशी पाच मैलांच्या पुढे चाक गेलं की ते आपणहून ‘ड्रायव्हिंग’ लिहितं, आणि तो वेळ नंतर दुसऱ्या ओळीत सरकवता येत नाही. गाडी सलग पाच मिनिटं उभी राहिली की पडद्यावर विचारणा होते. मिनिटभरात उत्तर आलं नाही तर यंत्र चौथी ओळ लावतं. उत्तर दिलं, तर ड्रायव्हर सांगेल ती. म्हणजे चाकाबद्दल यंत्राला सगळं कळतं, माणसाबद्दल मात्र माणूस सांगेल तेवढंच.

ॲलेक्स स्कॉट, अँड्र्यू बॉल्थ्रप आणि जेसन मिलर यांनी या सक्तीचा परिणाम तपासला. तासांच्या नियमांचं पालन वाढलं, विशेषतः छोट्या कंपन्यांत. त्यांचे अपघात मात्र कमी झाले नाहीत, उलट भरधाव चालवल्याचे गुन्हे वाढले. मला याचं फारसं आश्चर्य वाटत नाही. गोदामात गेलेले तीन तास पूर्वी पेन्सिलीने भरून निघत, आता ते ॲक्सिलरेटरने भरून काढावे लागतात. परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१८ मध्ये अंदाज मांडला होता की गोदामावरचा सरासरी मुक्काम पंधरा मिनिटांनी वाढला तर अपघातांचं अपेक्षित प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढतं. आणि जादा खोळंब्यापायी भाड्याने मालवाहतूक करणाऱ्या ड्रायव्हरांचं वर्षाला १.१ ते १.३ अब्ज डॉलरचं उत्पन्न बुडतं. हे सगळं घडतं गोदामाच्या दाराशी, आणि ट्रकवाल्यांचे तासांचे नियम गोदामाच्या मालकाला लागू नाहीत.

युरोपात हाच दिवस टॅकोग्राफवर, म्हणजे गाडीतल्या नोंदयंत्रावर, चार चिन्हांनी उमटतो: स्टिअरिंगचं चाक, दोन आडवे-तिरपे हातोडे, तिरपी रेघ मारलेला चौकोन, आणि पलंग. हातोडे म्हणजे इतर काम, चौकोन म्हणजे हजर आहे पण काम नाही. साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबायचं. तिथल्या नियमात आणखी एक कलम आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं: रस्त्यावरची सुरक्षितता धोक्यात येईल अशा रीतीने अंतरावर किंवा मालाच्या प्रमाणावर बेतलेला मोबदला ड्रायव्हरला देता येत नाही. झोपेचा नियम करताना पगारालाही हात घातलेला, असं फार कमी ठिकाणी दिसतं.

अमेरिकेत पगाराचा कायदा वेगळ्या खात्याकडे आहे. १९३८ च्या कामगार कायद्याने आठवड्याला ४० तासांपुढे ओव्हरटाइम दिला, पण परिवहन खात्याच्या तासांच्या नियमात येणारे ड्रायव्हर त्यातून वगळले. किमान वेतन त्यांना लागू आहे. मात्र केंद्रीय कायद्यात ते साधारणपणे अख्ख्या आठवड्याच्या सरासरीने मोजतात. ७० तासांना ताशी ७.२५ डॉलर म्हणजे ५०७.५० डॉलर. मैलांचे पैसे त्यापेक्षा जास्त झाले की थांबलेले तास त्यातच जिरले असं समजायचं. कॅलिफोर्नियाने २०१६ पासून नगावर, म्हणजे तासांऐवजी झालेल्या कामाच्या मापाने, पैसे मिळणाऱ्यांना अशा तासांचा वेगळा मोबदला बंधनकारक केला. स्वतःची गाडी घेऊन कंत्राटावर चालणाऱ्यांना तर केंद्रीय किमान वेतनही नाही.

कामगार खात्याच्या नियमावलीत थांबण्याचे दोन प्रकार आहेत: थांबणं हेच काम असलेला माणूस आणि काम मिळायची वाट बघणारा माणूस. माल चढत असताना जागेवर थांबलेला ट्रकचालक पहिल्या प्रकारात, म्हणजे कामावर. दुसऱ्या प्रकाराचं उदाहरणही ट्रकचालकाचंच दिलंय. तो सकाळी सहाला वॉशिंग्टनहून निघतो, दुपारी बाराला न्यूयॉर्कला पोचतो. संध्याकाळी सहापर्यंत त्याला पूर्ण मोकळं केलेलं आहे, मग परतीचा प्रवास. मधले सहा तास कामाचे नाहीत, असा निर्वाळा. परतीलाही सहाच तास धरले तर बारा तास ड्रायव्हिंग होतं आणि आजच्या अकराच्या मर्यादेत ही फेरी बसतच नाही, पण ते जाऊ द्या. सहाला निघायचं म्हणजे तो पाचला तरी उठला असणार. मधे कुठे झोपायला जागा मिळाली नसेल, तर मध्यरात्री वॉशिंग्टनमध्ये इंजिन बंद करताना पगारपत्रकात बारा तास असतील आणि मेंदूत एकोणीस.