संजय गांधी निराधारचा फॉर्म भरताय? आधी उत्पन्नाचा दाखला नीट बघा

विधवा, परित्यक्ता, अनाथ, दुर्धर आजाराचे रुग्ण, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेले, अशांसाठी ही योजना. वय ६५ च्या आत पाहिजे, त्यापुढचे श्रावणबाळ योजनेत जातात. महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो. महिन्याला १५०० मिळतात, दिव्यांगांना आता २५००. फॉर्म तहसीलच्या संगायो (संजय गांधी योजना) शाखेत नाहीतर सेतू केंद्रात.

आता खरी अडचण. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत पाहिजे (दिव्यांगांना ५०,०००). म्हणजे दिवसाला ५७-५८ रुपये, एवढ्यात माणूस जगतो कसा हे विचारायचं नाही, फक्त दाखला आणायचा. २०२५-२६ ला रोहयोची (रोजगार हमीची) मजुरी दिवसाला ३१२ होती, म्हणजे वर्षात ६८ दिवस कामावर गेलेली बाई सरकारच्या हिशोबाने निराधार नाही! आणि लाडक्या बहिणीला तेच १५०० देताना मर्यादा अडीच लाख. असो.

होतं काय की तलाठी चौकशी करताना सवयीने ३६ हजार नाहीतर ४० हजार लिहून मोकळा होतो, बाई पण काही बोलत नाही, दाखला निघतो आणि फॉर्म तिथेच बाद. म्हणून दाखला कशासाठी पाहिजे ते तलाठ्याला आधीच सांगा आणि आकडा तिथेच वाचून घ्या. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर त्याचा दाखला पण चालतो, हे खिडकीवर कोणी आपणहून सांगत नाही. स्टॅम्प पेपर घ्या म्हणून कोणी मागे लागलं तर ऐकू नका, साध्या कागदावर स्वयंघोषणापत्र पुरतं.

तारखेचा घोळ वेगळाच. एक वर्षाचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, काढल्यापासून वर्षभर नाही. फेब्रुवारीत काढून एप्रिलमध्ये फॉर्म दिला की त्रुटी निघालीच समजा.

परित्यक्तांचं सगळ्यात अवघड. नवरा मेला तर मृत्यूचा दाखला मिळतो, सोडून गेला त्याचा कागद कुठून आणणार? पोलिसात तक्रार, पोटगीची केस, वेगळं रेशनकार्ड, जे काही असेल ते सगळं जोडा, आणि कोर्टात केस चालू असेल तर त्याची नक्कल आधी ठेवा.

मंजूर झालं तरी पैसे आधारवरून येतात, म्हणजे ज्या बँकेत आधार शेवटचं लिंक केलं तिथे. गावात कॅम्प लागला म्हणून कुठलंतरी नवीन खातं काढलेलं असतं, पैसे तिकडे जाऊन पडतात आणि बाई जुन्या पासबुकात एन्ट्री मारत बसते. बँकेत जाऊन डीबीटी (सरकारचे पैसे थेट खात्यात येणं) कुठल्या खात्याला चालू आहे ते आधी विचारा.

दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा, नाही दिला तर पैसे बंद, आणि बंद झालं हे कळवायला कोणी येत नाही.

एक लक्षात ठेवा ताई, हे १५०० सुरू असतील तर लाडकी बहीणचे वेगळे मिळत नाहीत, एजंट काहीही सांगो. आणि फॉर्म दिल्यावर शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, कारण फाईल सापडत नाही म्हणतात तेव्हा तेवढाच कागद हातात असतो.