प्यूझी हाऊस : विद्यापीठाच्या शेजारचे एक चॅपेल

ऑक्सफर्डमध्ये सेंट जाइल्स नावाचा एक अतिशय रुंद रस्ता आहे. त्याच्या पश्चिम बाजूस प्यूझी हाऊसची दगडी इमारत असून तिच्या पोटात एक चॅपेल आहे. तेथे सकाळ-संध्याकाळची प्रार्थना होते, मिस्साविधी होतो आणि रविवारी धूप, दिवे, भरजरी वस्त्रे व गायकवृंद यांसह मोठी उपासना होते. हे चॅपेल अँग्लिकन पंथाचे, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे आहे. पण त्याला स्वतःचा पॅरिश, म्हणजे ठरावीक वस्तीची मंडळी नाही, आणि ते विद्यापीठाच्या कोणत्याही कॉलेजच्या मालकीचेही नाही. ऑक्सफर्डच्या जुन्या कॉलेजांमध्ये स्वतःची चॅपेले असताना विद्यार्थ्यांसाठी हे आणखी एक चॅपेल बाहेर का उभारावे लागले, या प्रश्नाचे उत्तर एकोणिसाव्या शतकातील दोन घटनांमध्ये सापडते : एक धार्मिक चळवळ आणि एक कायदा.

‘ऑक्सफर्ड चळवळ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या चळवळीचा आरंभ १४ जुलै १८३३ या दिवशी झाला, असे मानण्याची प्रथा आहे. त्या दिवशी विद्यापीठाच्या सेंट मेरी चर्चमध्ये जॉन कीबल यांनी न्यायाधीशांसमोर वार्षिक प्रवचन केले आणि आयर्लंडमधील अँग्लिकन बिशपांची पदे कमी करण्याच्या सरकारी विधेयकावर कडक टीका केली. वरवर पाहता प्रश्न प्रशासकीय होता. कीबल व त्यांच्या मित्रांना मात्र त्यात एक मूलभूत पेच दिसला : चर्च हे सरकारचे एक खाते आहे, की ख्रिस्ताच्या प्रेषितांपासून अखंड परंपरेने चालत आलेली स्वतंत्र संस्था आहे? दुसरे उत्तर लोकांना पटवून देण्यासाठी या मंडळींनी लहान पुस्तिका काढण्यास सुरुवात केली. १८३३ ते १८४१ या काळात अशा नव्वद पुस्तिका निघाल्या. नव्वदावी जॉन हेन्री न्यूमन यांची होती. चर्च ऑफ इंग्लंडच्या एकोणचाळीस कलमांचा, म्हणजे त्याच्या अधिकृत मतांच्या मांडणीचा, अर्थ कॅथलिक परंपरेशी सुसंगत लावता येतो, असे तिचे प्रतिपादन होते. तिने एवढे वादळ उठवले की मालिकाच थांबवावी लागली. १८४५ मध्ये न्यूमन रोमन कॅथलिक झाले आणि चळवळ संपली, असा अनेकांचा समज झाला.

ती संपली नाही, याचे बरेचसे श्रेय एडवर्ड बुव्हरी प्यूझी यांना जाते. ते १८०० साली जन्मले, १८२८ मध्ये हिब्रूचे राजनियुक्त प्राध्यापक व ख्राइस्ट चर्च या कॉलेज-कॅथीड्रलचे कॅनन (धर्माधिकारी) झाले आणि १८८२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच पदावर राहिले. प्रभुभोजनातील ख्रिस्ताच्या खऱ्या उपस्थितीविषयी १८४३ मध्ये केलेल्या एका प्रवचनाबद्दल विद्यापीठाने त्यांना दोन वर्षे तेथे प्रवचन करण्यास बंदी घातली होती. विरोधक या पक्षाच्या लोकांना ‘प्यूझीआइट’ म्हणून हिणवत. गंमत अशी की ज्या सजावटी कर्मकांडासाठी त्यांच्या नावाचे चॅपेल आज ओळखले जाते, त्यात स्वतः प्यूझींना फारसा रस नव्हता. त्यांचे लक्ष होते उपवास, पापकबुली, वारंवार घेतलेले प्रभुभोजन आणि आरंभीच्या शतकांतील धर्मपित्यांचे ग्रंथ यांकडे. भरजरी वस्त्रे आणि धूप हा पुढच्या पिढीचा, विशेषतः शहरांतील गरीब वस्त्यांत काम करणाऱ्या पाळकांचा आग्रह होता. त्याला आवर घालण्यासाठी संसदेने १८७४ मध्ये कायदा केला. त्याखालच्या खटल्यांतून काही पाळक तुरुंगातही गेले. त्यांतील पहिले आर्थर टूथ, १८७७ मध्ये. वेदीवर मेणबत्त्या किती आणि पाळकाने तोंड कोणत्या दिशेला करायचे, यावरून माणसे कैदेत जातात हे आज विचित्र वाटते, परंतु त्या काळी हे प्रश्न राष्ट्रीय अस्मितेचे मानले जात.

आता सुरुवातीला सांगितलेल्या दुसऱ्या घटनेविषयी, म्हणजे विद्यापीठाविषयीच्या कायद्याविषयी. १८५४ पर्यंत ऑक्सफर्डमध्ये नाव दाखल करतानाच विद्यार्थ्याला एकोणचाळीस कलमांवर सही करावी लागे. म्हणजे कॅथलिक, ज्यू, बॅप्टिस्ट किंवा मेथडिस्ट यांना दरवाजा जवळजवळ बंदच होता. १८५४ मध्ये ही अट पदवीपूर्व शिक्षणापुरती सैल झाली आणि १८७१ च्या कायद्याने धर्मशास्त्रातील पदव्या वगळता बाकीच्या पदव्यांसाठी, तसेच कॉलेजांतील बहुतेक फेलोशिपसाठी (अध्यापकपदांसाठी) धर्माची अट रद्द झाली. कॉलेजांच्या चॅपेलांतील अँग्लिकन उपासना चालूच राहिली. परंतु पुढील दहा-बारा वर्षांत कॉलेजांची नियमावली बदलली, फेलोंना लग्न करण्याची मोकळीक मिळाली आणि त्यांनी पाळकाची दीक्षा घेतलीच पाहिजे हे बंधन बहुतांशी गेले. माझ्या मते ऑक्सफर्डच्या धार्मिक इतिहासातील हा सर्वांत मोठा बदल होय. तोवर विद्यार्थ्याला शिकवणारा माणूस बहुधा पाळकच असे आणि तो त्याच्याच आवारात अविवाहित राहत असे. आता तो शहराच्या उत्तर भागात बायकामुलांसह राहणारा, कदाचित नास्तिकही असणारा प्राध्यापक झाला. धर्म विद्यापीठाच्या हाडामांसात होता, तो आता विद्यापीठाच्या शेजारी येऊन बसणार होता. अन्य गटांनी व पंथांनीही हे ओळखले : इव्हँजेलिकल अँग्लिकनांनी १८७७ मध्ये विक्लिफ हॉल काढला, काँग्रिगेशनल पंथीयांनी १८८६ मध्ये मॅन्सफील्ड कॉलेज आणले आणि १८९६ मध्ये जेझुइटही आले.

प्यूझी गेले ते नेमके या संक्रमणाच्या काळात. त्यांचे शिष्य व पुढे चरित्रकार झालेले हेन्री लिडन यांनी आणि मित्रांनी स्मारकासाठी निधी गोळा केला. पुतळा उभारायचा नाही, प्यूझींचा ग्रंथसंग्रह विकत घ्यायचा, तो एका घरात ठेवायचा आणि त्या घरात विद्वान पाळक राहायला आणायचे, असा बेत होता. त्यांना ‘ग्रंथपाल’ म्हणत. पुस्तके सांभाळणे हे त्यांचे एक काम, आणि दार ठोठावणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याशी बोलणे हे दुसरे. ऑक्टोबर १८८४ मध्ये सेंट जाइल्सवरील साध्या निवासी घरांत हे प्यूझी हाऊस सुरू झाले. ज्ञानाचा स्वामी परमेश्वरच आहे, या अर्थाचे लॅटिन वचन संस्थेने बोधवाक्य म्हणून घेतले. हे वचन बायबलमधील शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातले आहे, म्हणजे प्यूझींनी आयुष्यभर शिकवलेल्या हिब्रू ग्रंथातले.

पहिले प्रमुख म्हणून नेमले गेले चार्ल्स गोर, वय अवघे एकतीस. ही निवड लिडन यांचीच होती आणि तिची किंमतही त्यांनाच मोजावी लागली. प्यूझींनी तारुण्यात जर्मनीत राहून तेथील नवी बायबल-चिकित्सा जवळून पाहिली होती आणि नंतर ती नाकारली होती. दानीएलच्या ग्रंथाचा पारंपरिक काळ खरा ठरवण्यासाठी त्यांनी १८६४ मध्ये जाडजूड पुस्तक प्रसिद्ध केले होते. १८८९ मध्ये गोर यांनी संपादित केलेला ‘लक्स मुंडी’ हा निबंधसंग्रह निघाला. त्यातील आपल्या निबंधात गोर यांनी जुन्या कराराची ऐतिहासिक चिकित्सा बऱ्याच अंशी मान्य केली. मानवी देह धारण करताना ख्रिस्ताने मानवी ज्ञानाच्या मर्यादाही स्वीकारल्या, असा विचार त्यांनी मांडला. गुरूच्या श्रद्धेचा किल्ला म्हणून बांधलेल्या घरातूनच पाच वर्षांत असा ग्रंथ बाहेर पडावा, याचे लिडन यांना तीव्र दुःख झाले. ते १८९० मध्ये वारले. एका बाजूला कॅथलिक उपासना, दुसऱ्या बाजूला आधुनिक विद्या, आणि दोन्हींचे एका छताखाली भांडत राहणे हा या संस्थेचा स्वभाव येथेच ठरला. १८९२ मध्ये गोर यांनी याच घरात ‘कम्युनिटी ऑफ द रिझरेक्शन’ हा पाळकांचा संघ स्थापला. तो पुढे यॉर्कशरमधील मर्फील्ड येथे गेला, तर गोर १९११ मध्ये ऑक्सफर्डचेच बिशप झाले.

या साऱ्याचा महाराष्ट्राशी संबंध दूरचा नाही. प्यूझींच्याच ख्राइस्ट चर्चमध्ये शिकलेले रिचर्ड मेक्स बेन्सन यांनी १८६६ मध्ये ऑक्सफर्डलगतच्या काउली येथे संन्यस्त पाळकांचा संघ काढला. त्या संघाचे पाळक मुंबई व पुण्यात आले आणि पुण्याच्या पेठांत पंचहौद मिशन उभे राहिले. पवित्र नाम देवालय व त्याचा उंच घंटामनोरा ही त्याचीच खूण. नीळकंठशास्त्री, म्हणजे फादर नेहेम्या गोरे, याच संघात उमेदवार म्हणून दाखल होऊन काउलीला राहून आले होते. काउलीच्या पाळकांसोबत ऑक्सफर्डजवळच्या वाँटेज येथील भगिनीसंघही पुण्यात काम करू लागला. १८८३ मध्ये पंडिता रमाबाई त्यांच्याकडेच इंग्लंडला गेल्या व सप्टेंबरात तेथेच मुलगी मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. चर्चच्या परंपरेचा अधिकार निमूटपणे मानावा, ही या चळवळीची मुख्य शिकवण रमाबाईंच्या गळी कधीच उतरली नाही आणि वाँटेजच्या भगिनींशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार या वादाने भरलेला आहे. मराठी वाचकाला ऑक्सफर्डची ही चळवळ आतून समजून घ्यायची असेल, तर ती पत्रे हा मला सर्वांत जवळचा मार्ग वाटतो. १८९० मधील ज्या चहापानामुळे टिळक-रानड्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली, ते याच पंचहौद मिशनच्या आवारातले. पुण्याच्या इतिहासात तो प्रसंग ग्रामण्याची, म्हणजे जातबहिष्काराच्या वादाची, गोष्ट म्हणून सांगितला जातो. यजमान कोणत्या पंथाचे होते, याची चौकशी सहसा कोणी करत नाही.

आज दिसणारे चॅपेल मूळ घरांतले नव्हे. लीड्सच्या एका वकिलाच्या मृत्युपत्राने मोठी रक्कम मिळाली आणि वास्तुविशारद टेंपल मूर यांनी १९११ पासून नवी इमारत उभारली. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा चॅपेल वापरात येण्याजोगे झाले होते. उरलेले बांधकाम पुढे रखडत पूर्ण झाले. दगडी कमानींचे छत असलेल्या या वास्तूचे आत दोन भाग आहेत आणि त्यांच्यामध्ये नक्षीदार दगडी पडदा आहे, त्यामुळे मोठ्या उपासनेला एक जागा आणि रोजच्या मोजक्या माणसांच्या प्रार्थनेला दुसरी, अशी सोय झाली. १९३० च्या दशकात निनियन कॉम्पर यांनी येथे वेदीवरचे सोनेरी छत्र व रंगीत काचकाम केले. मूर यांचा संयम आणि कॉम्पर यांची झळाळी एकमेकांशी पुरती जुळत नाहीत, असे म्हणण्याचा मोह होतो. पण मेणबत्त्यांच्या उजेडात ही तक्रार टिकणे अवघड आहे.

१९०९ ते १९३४ या काळात डार्वेल स्टोन हे प्रमुख होते आणि त्यांनी गोर यांच्या दिशेकडून संस्थेला पुन्हा जुन्या कॅथलिक शिस्तीकडे वळवले. नव्या प्रार्थनापुस्तकाच्या मसुद्यालाही त्यांचा विरोध होता. तो मसुदा कॉमन्स सभागृहाने १९२७ व १९२८ असा दोनदा फेटाळला, जरी त्यामागे मुख्य जोर कट्टर प्रॉटेस्टंट खासदारांचा होता. दोन टोकांचे लोक एकाच बाजूला मतदान करतात, तशातला हा प्रकार.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात रिकाम्या खोल्या आणि खर्च यांचा मेळ बसेना. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या सेंट क्रॉस कॉलेजला जागा हवी होती. १९८१ मध्ये ते भाडेपट्ट्याने याच इमारतीच्या मोठ्या भागात राहायला आले. त्यामुळे आज एकाच अंगणाभोवती एक धर्मनिरपेक्ष पदव्युत्तर कॉलेज आणि एक परंपरानिष्ठ चॅपेल नांदते. विद्यापीठाबाहेर पडलेल्या चॅपेलाच्या दारात विद्यापीठच भाडेकरू म्हणून आले.

‘परंपरानिष्ठ’ या शब्दाला आजचा अर्थ मात्र १९९२ नंतर मिळाला. त्या वर्षी ११ नोव्हेंबरला चर्च ऑफ इंग्लंडच्या महासभेने स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देण्यास मान्यता दिली आणि मार्च १९९४ मध्ये ब्रिस्टलला पहिल्या बत्तीस स्त्रियांना ती मिळाली. ज्यांना हे मान्य नव्हते त्यांच्यासाठी १९९३ मध्ये वेगळ्या, फिरत्या बिशपांची सोय झाली. प्यूझी हाऊस याच गटात राहिले. येथील प्रमुख जोनाथन बेकर यांना २०११ मध्ये एब्सफ्लीटचे असे फिरते बिशप नेमले गेले. २००९ मध्ये पोपने अँग्लिकनांसाठी रोमन चर्चमध्ये स्वतंत्र व्यवस्था जाहीर केली, तेव्हा या विचाराचे काही पाळक तिकडे गेले, काही मागे राहिले. न्यूमन आणि प्यूझी यांच्यापुढे १८४५ मध्ये उभा असलेला तोच पेच होता. बेकर मागे राहिले आणि २०१३ मध्ये फुलमचे बिशप झाले. प्यूझी हाऊस चर्च ऑफ इंग्लंडमध्येच आहे, आणि त्याच्या ग्रंथालयात, जिथे सारे सुरू झाले, प्यूझींची पुस्तके अजून वाचकांना मिळतात.